आई-वडिलांसाठी गॉगल घेताय? आधी फाईल काढा, फ्रेम शेवटी बघा

मार्च उजाडला की आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर दर वर्षी तेच चित्र. मुलगा किंवा सून आरशासमोर फ्रेमा लावून बघतेय, आजोबा खुर्चीत गप्प, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "यांना उन्हाचा त्रास होतो, चांगला डार्क गॉगल दाखवा." मग फ्रेम ठरते, मग रंग, मग घासाघीस. पैसे देता देता कुणीतरी सहज म्हणतं, "त्यांना काचबिंदूचे थेंब चालू आहेत बरं का." जे सर्वांत आधी सांगायचं, ते जाता जाता.

तरुण माणसाचा गॉगल चुकला तर फार तर डोकं दुखतं. पंचाहत्तरीतल्या माणसाचा चुकला तर पायरी चुकते. हे मी घरात पाहिलंय. माझ्या वडिलांना काचबिंदू होता आणि मीच त्यांना दुकानातली सर्वांत गडद काच बसवून दिली होती. मे महिन्यात भर दुपारी ते तुळशीबागेतून परत आले, वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत शिरले. बाहेर लख्ख ऊन, आत बोळात मिट्ट काळोख, डोळ्यांवर माझी काच. जिन्याची पहिली पायरी त्यांना दिसलीच नाही. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. गॉगलला ओरखडाही आला नव्हता.

म्हणून खालचा क्रम सोडू नका. आधी आजार, मग गॉगल कुठे वापरायचा ते, मग काच, आणि फ्रेम अगदी शेवटी.

## १. हा त्रास गॉगलचा आहे की डॉक्टरांचा?

उन्हात डोळे दिपणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आलं असेल तर पुढे वाचा. चार दिवसांत अचानक वाढलं असेल तर दुकानात येऊ नका, डॉक्टरांकडे जा.

सावधान: डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, सोबत मळमळ किंवा उलटी आहे, डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखं होतं, अचानक खूप काळे ठिपके तरंगू लागलेत किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुखणं, लाली किंवा प्रकाशाचा त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय. यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गडद काचेमागे हे त्रास झाकले जातात आणि दिवस वाया जातात.

## २. फाईल काढा

घरात डोळ्यांची एक प्लॅस्टिकची फाईल असते, बहुधा कपाटातल्या साड्यांखाली. ती शोधा आणि एका कागदावर एवढं उतरवून घ्या:

- आजाराचं नाव. "डोळ्याचा त्रास" असं मोघम नको. मोतीबिंदू, काचबिंदू, मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार), मधुमेहामुळे पडद्यावर झालेले बदल, जे असेल ते. प्रत्येक डोळ्याचं वेगळं.
- ऑपरेशन किंवा लेझर झालं असेल तर कोणत्या डोळ्याचं आणि कधी.
- चालू असलेले थेंब. बाटलीचा फोटो काढलात तरी चालेल.
- चष्म्याचा शेवटचा नंबर आणि त्याची तारीख.

नंबर वर्षापेक्षा जुना असेल तर आधी तपासून घ्या. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट बघा. साखर वरखाली होत असताना डोळ्याचा नंबरही हलतो. साखर तीनशेवर असताना काढलेला नंबर साखर ताब्यात आल्यावर खोटा ठरतो, आणि मग दोष काच बनवणाऱ्यावर येतो. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या काही महिन्यांत ठरलं असेल तर नंबरच्या गॉगलवर पैसे घालूच नका. ऑपरेशननंतर नंबर पूर्ण बदलतो. तोवर आहे त्या चष्म्यावरून घालायचा बिननंबरचा मोठा गॉगल घ्या. दुकानात "फिट-ओव्हर" म्हणा, कळतं. एक डोळा झाला आणि दुसरा व्हायचाय, या मधल्या काळातही हाच सोयीचा.

## ३. दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा

त्रास कधी होतो हे विचारलंत तर उत्तर येतं, "सारखाच होतो." तेव्हा विचारू नका, बघा. सकाळी सारसबागेत फिरताना डोळे बारीक होतात का? बसच्या खिडकीशी बसल्यावर? दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली? की घरातच, खिडकीकडे तोंड करून बसल्यावर?

मग गॅलरीत किंवा गच्चीत ही छोटी तपासणी करा. याला एक पैसा लागत नाही आणि काउंटरवरच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त कळतं.

त्यांना उन्हाच्या दिशेने पण सूर्याकडे न बघता उभं करा. समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायला सांगा. आता तुमचा पंजा त्यांच्या कपाळावर छज्जासारखा धरा. "आता बरं वाटतं" असं लगेच म्हणाले तर त्रास वरून येणाऱ्या उजेडाचा आहे. तिथे रुंद काठाची टोपी निम्मं काम करते आणि काच कमी गडद चालते. नंतर पंजे काढून दोन्ही कानशिलांजवळ आडोसा धरा. त्याने फरक पडला तर बाजूने येणारी तिरीप त्रास देतेय. तिथे समोरची काच कितीही गडद केलीत तरी उपयोग नाही, बाजू झाकणारी फ्रेम लागेल. दोन्हींनी फरक पडला नाही तरच काचेच्या गडदपणाचा विचार करा.

पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, स्वतःची सावली पायाखाली जाते. त्या वेळी भुवई आणि टोपी डोळ्याला बरीच सावली देतात. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ऊन तिरपं असतं, ते टोपीखालून सरळ डोळ्यात शिरतं. फिरायला जाणारे लोक नेमके याच वेळी बाहेर असतात आणि "एवढं कुठे ऊन आहे" म्हणून गॉगल घरी ठेवतात.

## ४. आजार कोणता, त्यावर काच

या टप्प्यावर घाई नको. डॉक्टरांनी रंग किंवा फिल्टर लिहून दिला असेल तर तोच. खालचं फक्त त्यांनी काही सांगितलं नसेल तेव्हासाठी.

मोतीबिंदू, ऑपरेशन झालेलं नाही. डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं असतं, त्यावर पडलेला उजेड आत विखुरतो. धुळीने भरलेल्या गाडीच्या काचेवर समोरून ऊन आलं की जसं पांढरं पांढरं होतं, तसंच. तपकिरी किंवा अंबर काच, मध्यम गडद, सोबत टोपी. काहींचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध असतो. मधुमेह असणाऱ्यांत आणि बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्यांत हा जास्त आढळतो. उन्हात बाहुली बारीक होते आणि उजेडाला नेमक्या त्या डागातूनच आत जावं लागतं. अशा माणसाला घरात बऱ्यापैकी दिसतं आणि रस्त्यावर काहीच दिसत नाही. घरच्यांना वाटतं, नाटक करतात. त्यांना सावली आणि मध्यम काच यांनी खरंच फरक पडतो.

ऑपरेशन झालंय. पहिले काही दिवस सगळं फार उजळ आणि निळसर दिसतं, कारण पिवळं पडलेलं जुनं भिंग गेलेलं असतं. दवाखान्यातून मिळणारा काळा गॉगल त्या दिवसांत धूळ, वारा आणि चुकून डोळा चोळणं यांपासून राखण्यासाठी असतो. तो वर्षभर वापरायचा नाही. हल्लीच्या बहुतेक कृत्रिम भिंगांत यूव्ही (उन्हातले न दिसणारे अतिनील किरण) अडवायची सोय असते, तरी पापण्यांची त्वचा आणि डोळ्याचा पुढचा भाग उघडाच राहतो, म्हणून गॉगल हवाच. नंबरचा गॉगल मात्र डॉक्टरांनी नंबर पक्का झाला असं सांगितल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी.

काचबिंदू. सर्वांत जास्त चुका इथे होतात. या डोळ्याला एकसारख्या रंगांतला फरक कमी कळतो, म्हणजे करड्या फरशीवरची करडी पायरी वेगळी दिसत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर सरावायला वेळ लागतो. बाजूचं दिसणंही कमी झालेलं असू शकतं. काळीकुट्ट काच या तिन्ही गोष्टी बिघडवते. तपकिरी किंवा अंबर, हलकी ते मध्यम, एवढंच. बाहुली बारीक करणारे पिलोकार्पिनसारखे थेंब चालू असतील तर डोळ्यात आधीच उजेड कमी जातो. तिथे आणखी एक पायरी हलकी काच घ्या. फ्रेमच्या जाड काड्या टाळा, कारण उरलेली बाजूची नजर त्या खातात.

मॅक्युला. पडद्याचा मधला भाग बिघडलेला. झगमगाटातून सावरायला वेळ लागतो आणि समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. अंबर किंवा नारिंगीकडे झुकणाऱ्या काचांनी कडा जास्त उठून दिसतात असं बरेच जण सांगतात, पण प्रत्येकाचं वेगळं असतं. इथे घालून बघण्याला पर्याय नाही. नेत्ररुग्णालयांतल्या लो व्हिजन (फार कमी दिसणाऱ्यांसाठीच्या) विभागात वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर एकापाठोपाठ लावून दाखवतात, शक्य असेल तर आधी तिथे जा. या गॉगलने गेलेली नजर परत येते असं कुणी सांगितलं तर त्या दुकानातून उठा. आणि दाराच्या चौकटीसारख्या सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या तर पुन्हा पहिला टप्पा: थेट डॉक्टर.

मधुमेहाचा पडदा, लेझर झालेला. बऱ्याच जणांना लेझरनंतर तिरीप जास्त लागते आणि अंधुक उजेडात कमी दिसतं, म्हणजे दोन्हीकडून अडचण. यांना एकच गडद गॉगल देऊ नका. बाहेरसाठी मध्यम काच आणि अंधारात शिरताना ती काढायची सवय, असं दोन्ही लागतं.

कोरडे डोळे, किंवा डोळ्यात मांस वाढलेलं. इथे रंगापेक्षा आडोसा महत्त्वाचा. दुचाकीवर मागे बसणाऱ्या आजींचा वारा आणि धूळ अडवायला गालाला लागत येणारी गोलसर फ्रेम घ्या, काच साधी करडी चालेल.

## ५. किती गडद? आकड्यांची दोन वेगळी गणितं

तयार गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला बहुधा ० ते ४ असा एक आकडा असतो. काचेतून किती उजेड पार होतो, त्याची ही वर्गवारी:

- ०: ८० टक्क्यांहून जास्त. जवळपास पारदर्शक.
- १: ४३ ते ८० टक्के. ढगाळ दिवस, दुकानातले दिवे.
- २: १८ ते ४३ टक्के. सकाळ-संध्याकाळ फिरायला. बहुतेक ज्येष्ठांची रोजची काच हीच.
- ३: ८ ते १८ टक्के. एप्रिल-मेची दुपार.
- ४: ३ ते ८ टक्के. बर्फाळ डोंगर, समुद्र. ही घालून गाडी चालवायची नसते, आणि माझ्या मते आजी-आजोबांनी पुण्याच्या रस्त्यावर चालायलाही नको.

आता घोटाळा कुठे होतो ते बघा. नंबरची काच रंगवून घेताना दुकानदार उलट मोजतो. "ब्राउन ८५ टक्के" म्हणजे ८५ टक्के उजेड अडवला, पार होतो फक्त १५, म्हणजे वर्ग ३. "५० टक्के" म्हणजे निम्मा पार, वर्ग १. गिऱ्हाईक ८५ ऐकतं आणि त्याला वाटतं ८५ टक्के दिसेल. थेट विचारा: "अडवते किती आणि सोडते किती?" उत्तर बिलावर लिहून घ्या.

शंका असेल तर हलकी काच घ्या आणि टोपी जोडा. टोपी काढता येते, काचेचा गडदपणा काढता येत नाही.

## ६. यूव्ही रंगात नसतो

पूर्ण पारदर्शक काच सगळी यूव्ही अडवू शकते आणि काळीभोर काच बरीचशी आत सोडू शकते. हे दुसरं जास्त वाईट, कारण गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि तिच्यातून जास्त यूव्ही आत जाते. पदपथावरच्या काळ्या गॉगलची अडचण ही आहे, त्याच्या स्वस्तपणाची नाही.

"यूव्ही ४००" म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. तेवढंच हवं. पॉलीकार्बोनेटची काच मुळातच यूव्ही जवळजवळ सगळी अडवते आणि सहज फुटत नाही. साध्या सीआर-३९ प्लॅस्टिकला त्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते, ती झालीय का हे विचारावं लागतं.

तपासा: स्टिकरवर विश्वास ठेवू नका, दुकानात यूव्ही मीटर असेल तर काच त्यावर ठेवायला सांगा. दहा सेकंदांचं काम आहे. मीटर नसेल पण नोटा तपासायचा यूव्ही दिवा असेल तर नोट त्याखाली धरा. नंबर छापलेला भाग चमकतो. मध्ये गॉगलची काच आणली की ती चमक विझली पाहिजे. आणि जांभळट लेझरचा पेन काचेवर मारून कार्ड दाखवतात ना, ती "ब्लू कट"ची, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचेची, जाहिरात असते, यूव्हीची परीक्षा नव्हे.

## ७. पोलराइज्ड, डे-नाईट, वरून गडद खालून फिकट

पोलराइज्ड काच रस्ता, पाणी, गाडीचं बॉनेट यांवरून परावर्तित होणारी चकाकी कापते. गाडी चालवणाऱ्यांना आणि मोतीबिंदूवाल्यांना आराम पडतो. पण ओल्या फरशीची चकाकीही तीच कापते. जून-जुलैत सोसायटीच्या पार्किंगमधल्या शहाबादीवर साचलेलं पाणी चमकतं म्हणून आपण पाय जपून टाकतो. ही काच ती खूण पुसते. तोल जाणाऱ्या माणसाला पावसाळ्यात ती नको. मोबाईल किंवा एटीएमचा पडदा काही कोनांत काळा दिसतो, हा दुसरा तोटा. खरी आहे की नाही हे बघायलाही तोच उपयोगी: काचेतून मोबाईल बघा, गॉगल हळूहळू उभा करा, बहुतेक मोबाईलचा पडदा एका कोनात काळवंडतो.

डे-नाईट, म्हणजे फोटोक्रोमिक, सर्वांना हवी असते, "एकातच काम होतं" म्हणून. तीन गोष्टी माहीत असू द्या. ती यूव्हीने गडद होते आणि गाडीची पुढची काच यूव्ही अडवते, त्यामुळे गाडीत ती फारशी बदलत नाही. कडक उन्हाळ्यात ती थंडीतल्याइतकी गडद होत नाही, म्हणजे मे महिन्यात पूर्ण साथ देत नाही. आणि सावलीत आल्यावर फिकी व्हायला काही मिनिटं घेते. वडिलांचा जिना आठवा. काचबिंदू आणि लेझरवाल्यांना मी ही काच एकुलता एक चष्मा म्हणून देत नाही.

ग्रेडियंट, वरून गडद आणि खाली फिकट. हिची कुणी जाहिरात करत नाही आणि चालणाऱ्या ज्येष्ठांसाठी ती फार कामाची आहे: आकाशाची तिरीप वर अडते, पायाखालचं खाली दिसतं.

पाऱ्याच्या, म्हणजे आरशासारख्या चमकणाऱ्या, काचा शोभेच्या, लवकर ओरखडतात. पिवळे "नाईट ड्रायव्हिंग" चष्मे घेऊ नका. रात्री उजेड आधीच कमी असतो, कोणतीही रंगीत काच तो आणखी कमी करते.

## ८. नंबर घालायचा असेल तर

रोजच्या चष्म्यात बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) आहे म्हणून गॉगलमध्येही तेच टाकायचं, ही सवय मोडा. पायरी उतरताना माणूस खाली बघतो, म्हणजे वाचायच्या भागातून, आणि तो भाग हातभर अंतरासाठी असतो. पायरी धूसर होते. पर्वती उतरताना आजोबा मान एकदम छातीला टेकवून पावलं टाकत असतील तर त्यामागे गुडघ्यांइतकंच हेही कारण असतं.

चालायच्या गॉगलमध्ये फक्त लांबचा नंबर घाला. बसस्टॉपवर काही वाचायचं झालं तर खिशातला जवळचा चष्मा आहे. मागच्या पृष्ठभागावर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग मागा, नाहीतर मागून आलेला उजेड काचेवर आपटून डोळ्यात येतो. नंबर मोठा असेल तर फार गोलसर फ्रेममध्ये कडेला वाकडं दिसतं, तिथे साधी फ्रेम किंवा फिट-ओव्हर.

## ९. आता फ्रेम

इथवर येईपर्यंत पर्याय चार-पाचच उरतात, आणि ते बरंच आहे.

वरची कड भुवईजवळ यावी, पापण्यांचे केस काचेला लागू नयेत. हलकी असावी. कानाचं यंत्र असेल तर काडी बारीक घ्या आणि यंत्र लावूनच फ्रेम घालून बघा. घरी ठेवून आलेलं यंत्र ही नेहमीची चूक. बाजूने तिरीप येते पण बाजूचं दिसणंही कमी आहे, अशांना जाड अपारदर्शक काडीऐवजी रंगीत पारदर्शक आडोसा असलेली फ्रेम मिळते, ती शोधा.

तपासा: त्यांना वाकून नमस्कार करायला लावा. गॉगल घसरला तर नाकाचे पॅड आणि काड्या तिथल्या तिथे बसवून घ्या.

## १०. फुटपाथवरची परीक्षा

गॉगल त्यांच्या नावाने ऑनलाइन मागवू नका आणि मोजमाप घेऊन एकट्याने दुकानात येऊ नका. माणूस सोबत हवा आणि वेळ सकाळी ११ ते १. संध्याकाळी सातला ट्यूबलाइटखाली पसंत केलेल्या काचेला उन्हातलं काय कळणार? डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासणी झाली असेल तर त्या दिवशीही नको, त्या डोळ्याला सगळंच जास्त दिपतं.

निवडलेले दोन-तीन नमुने घेऊन दुकानाबाहेर या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा. मग या क्रमाने:

पाच मिनिटं उन्हात उभं राहू द्या. लगेच विचारू नका, डोळ्याला सरावू द्या.

फुटपाथची कड दिसते का? "दिसते का" असं न विचारता "चढ-उतार कुठे आहे, बोट दाखवा" म्हणा. आपल्याकडची माणसं मुलांचं मन राखायला "दिसतं, दिसतं" म्हणतात.

सिग्नलचे तिन्ही रंग सांगायला लावा. दुचाकी किंवा गाडी चालवणाऱ्यांसाठी इथे नापास म्हणजे नापास.

खिशातून २० आणि २०० ची नोट काढून द्या. दोन्ही पिवळटच, अंबर काचेतून त्यांत गल्लत होते का ते बघा. तसंच गोळ्यांच्या पाकिटांचं. होत असेल तर रंग एक पायरी तपकिरी किंवा करड्याकडे न्या. करड्या काचेत रंग सर्वांत कमी बदलतात.

शेवटी, त्याच गॉगलसह एखाद्या अंधाऱ्या जिन्याशी या. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास असा जिना शोधायला लागत नाही. हात धरा आणि पायऱ्या मोजायला सांगा, चढायला नको. पहिल्या तीन पायऱ्या मोजता आल्या नाहीत तर ती काच त्यांच्यासाठी जास्त गडद आहे, फुटपाथवर कितीही थंड वाटली तरी. वडिलांच्या वेळी मी एवढं केलं असतं तर दोन मिनिटं गेली असती.

## ११. घेऊन जाताना

दोन्ही काचा पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी धरा, रंग एकसारखा हवा. नंबरची काच असेल तर दुकानातल्या लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) तुमच्यासमोर तपासून घ्या, चिठ्ठीशी ताडून. बिननंबरची असेल तर हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे बघत हलवा. सरळ रेष लाटेसारखी हलली तर काच खराब, परत करा. बिलावर काचेचा प्रकार, रंग, किती टक्के आणि यूव्ही ४०० हे लिहिलेलं असू द्या.

## १२. पहिले पंधरा दिवस

गळ्यात दोरी अडकवा. सुरुवातीला लाज वाटते, पण दोरी नसेल तर गॉगल काढून ठेवायला हात मोकळा नसतो आणि मग तो डोळ्यांवरच राहतो.

दारातली सवय लावा: इमारतीत शिरताना थांबायचं, कठडा धरायचा, गॉगल काढायचा, समोरच्या पायऱ्या नीट दिसेपर्यंत उभं राहायचं, मग पाऊल. पहिल्या आठवड्यात बरोबर जाऊन हे करून घ्या, सांगून होत नाही.

घरात दिवसभर गॉगल घालून बसू देऊ नका. डोळा अंधाराला सरावतो आणि मग साधा खिडकीचा उजेडही बोचू लागतो. घरात त्रास होत असेल तर पडदे आणि बसायची जागा बदला, खिडकी पाठीमागे येऊ द्या.

काच पदराने किंवा रुमालाने कोरडी पुसू नका. आधी पाण्याखाली धरा, धूळ जाऊ द्या, साबणाचा एक थेंब, मग मऊ कापड. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर कोटिंगला बारीक तडे जातात.

आणि चार-सहा महिन्यांनी ते म्हणाले की "हा गॉगल हल्ली फार काळा वाटतो," तर फिकी काच मागायला माझ्याकडे येऊ नका. काच तीच आहे. फाईल घ्या आणि आधी डोळे तपासून घ्या.